बदलीचा कागद, अप-डाऊन आणि आपली पोरं

मे-जून आला की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. कोणाची बदली कुठे लागली? शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, वनरक्षक, वीज मंडळाचा कर्मचारी. पद कोणतेही असो, बदलीचा कागद हाती आला की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. बिऱ्हाड हलवायचे की अप-डाऊन करायचे? पोरगी नववीत, पोरगा अकरावीत. त्यांची शाळा, त्यांचे मित्र, त्यांचा क्लास. बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: "पोरं इथंच राहू दे, मी जाणं-येणं करीन."

हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपापल्या चार भिंतींत सोडवते. चळवळ त्यावर बोलत नाही, कारण आपल्याला तो खाजगी वाटतो. आमचे म्हणणे उलट आहे. राखीव जागेवर लागलेला आपला माणूस कुठे राहतो, त्याची मुले कुठे शिकतात आणि त्याच्या नोकरीच्या गावातली मुले कशी शिकतात, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून हा चळवळीचाही प्रश्न आहे.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तालुके बारा. तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. त्यात सुमारे ३९ टक्के आदिवासी, सुमारे ११ टक्के अनुसूचित जाती. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला पिढ्यानपिढ्या रेल्वे स्टेशन एकच, तेही उत्तरेच्या टोकाला वडशाला. चंद्रपूरहून गडचिरोली रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर. नागपूरहून पावणेदोनशेच्या घरात. गडचिरोलीहून भामरागडही जवळपास तितकेच, आणि सिरोंचा दोनशेच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या बाजूचे रस्ते जीव मुठीत धरून पार करावे लागतात. तिकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीच्या पट्ट्यात संध्याकाळी मोटारसायकलने परतणाऱ्याला वाघाची भीती असते. ही भीती कथाकादंबरीतली नव्हे, रोजची आहे.

अशा नकाशावर "जाणं-येणं करीन" हे शब्द फार सहज बोलले जातात. त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. आम्ही मांडतो.

चंद्रपुरात राहून गडचिरोलीला नोकरी करणारा कर्मचारी घ्या. मूल, सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडून एका बाजूचे दोन तास धरा. दिवसाचे चार तास. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर ८८० तास. म्हणजे वर्षातले ३६ दिवस आणि ३६ रात्री तो माणूस एसटीत, ट्रॅव्हल्समध्ये किंवा मोटारसायकलवर असतो. मूल आठवीत असताना हे सुरू झाले आणि बारावीपर्यंत चालले, तर पाच वर्षांत ४४०० तास होतात. सहा महिने, रात्रंदिवस. ज्या मुलासाठी हे अप-डाऊन करायचे, त्याच्याच वाट्याचे सहा महिने रस्त्यावर सांडतात. आणि ही पाच वर्षे साधी नसतात. याच वयात मूल बाहेरच्या जगात पाय टाकते. कोणाशी मैत्री, मोबाइलवर काय, गणित का सुटत नाही, वर्गात कोणी जातीवरून काय बोलले, हे सारे त्याला संध्याकाळी सात ते नऊच्या वेळात कोणाला तरी सांगायचे असते. त्या वेळी बाप मूलच्या बसस्टँडवर उभा असतो, किंवा घरी येऊन खाटेवर पडलेला असतो.

बाप म्हटले, पण आई नोकरीला असेल तर हिशोब अजून कठीण होतो. ती पहाटे चारला उठून डबे करते, मग बस पकडते आणि परतल्यावर पुन्हा चुलीपाशी उभी राहते. नवरा अप-डाऊन करतो तेव्हा घर बायको सांभाळते. बायको अप-डाऊन करते तेव्हा घर मोठी मुलगी सांभाळते. नववी-दहावीच्या किती मुलींचा अभ्यास आईच्या अप-डाऊनने खाल्ला, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

आता दुसरी बाजू. गावात मुक्कामी न राहणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तोंडसुख घेणे ही आज मोठी सोपी गोष्ट झाली आहे. ९ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या घरभाड्याचा प्रश्न लावून धरला आणि राज्यभर वाद पेटला. शिक्षक म्हणाले, गावात राहायला घर कुठे आहे? लोक म्हणाले, मग घरभाडे कशाला घेता? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. पण त्या साऱ्या वादात एक शब्द कोणीच उच्चारला नाही. तो शब्द आहे जात.

१९१७ साली कोलंबियातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. नोकरी होती, पगार होता, छप्पर नव्हते. शेवटी ती नोकरी सोडून ते मुंबईला परतले. शंभर वर्षांनंतर काठ्या गेल्या, पण "आडनाव काय?" हा प्रश्न गेला नाही. किरायाने खोली पाहायला गेलेल्या आपल्या शिक्षकाला "आमच्याकडे मांसाहार चालत नाही", "पाहुणे येणार आहेत", "खोली आताच दिली" ही उत्तरे पाठ आहेत. एकटा माणूस हे गिळतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या गावात राहायचे, तिने त्याच घरमालकाच्या विहिरीवर, त्याच मुलांच्या शाळेत वावरायचे, तेव्हा तो दहा वेळा विचार करतो. आपली वस्ती, आपले विहार, आपली माणसे असलेल्या बाबूपेठेतून तो हलत नाही, याला निव्वळ आरामाची सवय म्हणणे अन्याय आहे. इतरांच्या अप-डाऊनची जी कारणे आहेत ती आपल्या माणसालाही आहेतच, आणि वर हे एक जास्तीचे आहे.

म्हणून जे उठसूट कर्मचाऱ्याला कामचोर ठरवतात त्यांच्या बाजूला आम्ही उभे नाही. पण इथे थांबून गप्प बसणाऱ्यांच्या बाजूलाही नाही. कारण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक गाव आहे.

त्या गावातली शाळा दोन शिक्षकी. गुरुजी साडेअकराच्या बसने येतात आणि चारच्या बसने जातात. बस चुकली की शाळा चुकली. त्या शाळेत बसलेली मुले कोणाची? माडिया, गोंड, कोलाम यांची. धानाच्या बांधीवर रोवणीला जाणाऱ्या, मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या मजुरांची. आणि त्याच गावातल्या बौद्ध वस्तीतली, ज्यांच्या आईबापांना राखीव जागा अजून कागदावरच दिसते. त्या उपकेंद्रातली नर्स रात्री नसेल तर सर्पदंशाचा माणूस मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला न्यावा लागतो. पैसेवाल्याचे मूल यातल्या कशावरच अवलंबून नसते. त्याची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. अप-डाऊनची किंमत आपल्या मुलांनी थोडी भरली, पण जास्त भरली ती आपल्याहून एक पायरी खाली अडकलेल्या मुलांनी.

सरकारी भाषेत गडचिरोलीला एक नाव पडले आहे: शिक्षेची बदली. साहेब रागावला की म्हणतो, गडचिरोलीला पाठवीन. हे वाक्य आपल्यातलेही काही जण हसत हसत बोलतात. जरा विचार करा. सुमारे पावणेअकरा लाख माणसे जिथे जन्मतात, राबतात, मरतात, ती जागा दुसऱ्या कोणाला तरी शिक्षा म्हणून दिली जाते. ज्या मानसिकतेने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तीच मानसिकता एका अख्ख्या जिल्ह्याला कुसाबाहेर ठेवते. तिथे शिक्षा म्हणून गेलेला माणूस शिक्षण काय देणार? निदान आंबेडकरी माणसाने तरी हा शब्द जिभेवर घेऊ नये.

इथे एक आक्षेप नक्की येईल. बाबासाहेबांनीच तर खेडे सोडा म्हटले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याची जी चिरफाड केली ती आपल्याला माहीत आहे. मग आमची पोरं परत खेड्यात का न्यायची?

आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. बाबासाहेबांनी खेड्याची जातव्यवस्था सोडायला सांगितली. पण ते सोडणे एकेकट्याने पळून जाणे नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. म्हणजे स्थलांतर, पण सामूहिक. सर्वांनी मिळून, जमिनीसह, हक्कासह. आणि १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला त्यांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती याच गोष्टीची होती. शिकले, नोकरीला लागले आणि स्वतःच्या पोटापलीकडे पाहिनासे झाले. खेडे सोडण्याचा बाबासाहेबांचा सल्ला आणि आग्र्याची खंत एकत्र वाचली पाहिजे. एक घ्यायचे आणि दुसरे विसरायचे हे चालणार नाही.

त्याहून जवळचे उदाहरण बाबासाहेबांच्या घरातच आहे. निवृत्त सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. आई वारलेली, मुले साताऱ्यात आत्याजवळ. बापाची नोकरी एकीकडे आणि मुले दुसरीकडे, हे आजच्या आपल्या घरांचेच चित्र. १९०१ साली ही मुले बापाला भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. येण्याचे पत्र रामजींपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची, या अटीवर एक तयार झाला. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाच्या मनावर तो प्रवास कायमचा कोरला गेला. पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईला हलवले. परळच्या चाळीतली एक खोली, पण मुले डोळ्यांसमोर आणि शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

रामजींकडून शिकायचे ते हे. घर हलवताना त्यांनी मोठी खोली पाहिली नाही, मुलांचे शिक्षण पाहिले, आणि स्वतः मुलांजवळ राहिले. आज आपण उलटे करतो. मुलांना मोठ्या शहरात ठेवतो आणि स्वतः रस्त्यावर राहतो.

मग करायचे काय? फतवा काढायचा आमचा हेतू नाही. पण विचारासाठी काही ठोस गोष्टी मांडतो.

पहिली. मुले पाचवी-सहावीच्या आतली असतील तर बिऱ्हाड हलवा, निदान तालुक्याच्या ठिकाणी. त्या वयात मूल सहा महिन्यांत रुळते. माडिया-गोंडी बोलणारे मित्र मिळाले तर त्याचे काही बिघडत नाही, एक भाषा वाढते. शिवाय नवोदय विद्यालयाच्या तीन चतुर्थांश जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना असतात आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत शिकलेली असावी लागते. गडचिरोलीचे नवोदय घोटला आहे, चंद्रपूरचे तळोधी (बाळापूर) ला. शहरातल्या महागड्या कॉन्व्हेंटच्या नादात आपण या वाटेकडे पाठ फिरवतो.

दुसरी. मूल नववी-दहावीत असेल तर मध्येच उपटू नका. हलवायचे तर आठवीच्या सुरुवातीला, नाही तर दहावी झाल्यावर. आणि त्याला विचारा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सामानासारखे ट्रकमध्ये चढवणे आणि समतेची भाषा करणे एकत्र जात नाही. त्याचा नकार असेल तर कारण ऐका. कधी कारण मैत्रीचे असते, कधी भीतीचे. नव्या शाळेत आडनाव विचारतील ही भीती त्यालाही असते.

तिसरी. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा, प्रयोगशाळा, नीट-जेईईची तयारी हवी असेल तर मूल शहरातल्या वसतिगृहात किंवा नातलगाकडे ठेवणे चूक नाही. पण मग मूल शहरात आहे या सबबीवर कर्मचाऱ्याने रोज शंभर-दीडशे किलोमीटर करायचे कारण उरत नाही. त्याने नोकरीच्या तालुक्यात राहावे आणि सुटीला मुलाकडे जावे. मूल दूर असतानाचा रोजचा फोन परवडतो. थकून गप्प बसलेला, शेजारच्या खोलीत झोपलेला बाप परवडत नाही.

चौथी. एका बाजूचा एक तास ही मर्यादा माना. त्यापुढचे अंतर असेल तर बिऱ्हाड जवळ आणलेच पाहिजे. आलापल्लीत राहून एटापल्लीला जाणे समजू शकते. नागपुरात घर ठेवून गडचिरोलीत नोकरी म्हणजे गावालाही फसवणे आणि घरालाही. शहराची हवा चांगली असते हाही भ्रम सोडा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर वरच्या क्रमांकावर टाकले होते. त्या धुरात मुले वाढवायची आणि जंगलाच्या तालुक्याला शिक्षा म्हणायचे, हे अजब आहे.

पाचवी, आणि ही कडू आहे. राहत नसाल तर राहतो असा ठराव घेऊ नका. आदिवासी व नक्षलग्रस्त भागासाठी ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने मिळणारी एकस्तर वेतनश्रेणी हा हक्क आहे, तो ताठ मानेने घ्या. पण खोट्या दाखल्यावर घेतलेले घरभाडे हक्क नव्हे. उद्या राखीव जागांवर बोट ठेवणारा माणूस त्याच दाखल्यावर बोट ठेवील आणि तुमच्या जागी मग तुमचा समाज उत्तर देत बसेल.

हे झाले व्यक्तीचे. पण सारा भार व्यक्तीवर टाकणे ही व्यवस्थेची जुनी खोड आहे. सरकारकडे मागण्या स्पष्ट हव्यात. केंद्रप्रमुख शाळेच्या गावी राहण्याजोगी निवासस्थाने बांधा, मगच मुक्कामाची सक्ती करा. प्रत्येक तालुक्याला विज्ञान शाखेचे सुसज्ज कनिष्ठ महाविद्यालय आणि मुलींचे वसतिगृह द्या. पती-पत्नी एकत्रीकरणाचा नियम कागदावर ३० किलोमीटरचा आहे, तो जंगल तालुक्यांत आधी पाळा. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेला जुळवा. कंत्राटी कर्मचाऱ्याला तर यातले काहीच लागू नाही. तुटपुंज्या मानधनात तो दोन चुली कशा पेटवणार? त्याला आधी कायम करा, मग मुख्यालयाचा नियम शिकवा.

आणि संघटनांकडेही मागणी आहे, म्हणजे आपल्याच लोकांकडे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा समाजाकडे आजच्या शंभरावा हिस्सा पैसा नव्हता. तरी खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा हवी हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला दीक्षा झाली आणि पुढे त्याच दीक्षाभूमीवर महाविद्यालय उभे राहिले. हाच धागा पुढे न्यायचा आहे. स्वाधार योजनेचा आधार अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना आहे. नोकरदाराच्या मुलाला तो नाही, आणि नसावा. मग नोकरदारांनी आपल्या मुलांसाठी आणि मजुरांच्या मुलांसाठी एकत्र काही उभे केले पाहिजे. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची इथल्या विहारांत एक अभ्यासिका आणि दोन खोल्या. बदलून आलेल्या कुटुंबाने पहिले दोन महिने तिथे राहावे, तोवर स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याला किरायाने घर शोधून द्यावे. कोणते घरमालक आडनाव विचारतात, कोणते विचारत नाहीत, याची माहिती स्थानिक शाखेकडे असावी. आणि त्या बदल्यात त्या कर्मचाऱ्याने आठवड्यातले दोन संध्याकाळचे तास अभ्यासिकेला द्यावेत. त्याच्या मुलाचाही अभ्यास तिथेच होईल, शेजारी माडिया मजुराच्या मुलीच्या बाकावर. घर मिळत नाही, एकटे पडू, पोरांना सोबत कोण, या तिन्ही भीतींवर यातून उतारा मिळतो आणि यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

असे चार तालुक्यांत झाले तर बदलीचा कागद पाहून घाबरण्याचे दिवस कमी होतील. आज एकटा शिक्षक अनोळखी गावात बायका-पोरे घेऊन जायला कचरतो, कारण तिथे त्याची वाट पाहणारे कोणी नसते. मसूरच्या स्टेशनवरही कोणी नव्हते. यंदाच्या बदल्या लागतील तेव्हा आपल्या गावी येणाऱ्या कुटुंबाला घ्यायला बसस्टँडवर दोन माणसे उभी राहतील, एवढे तर तालुक्याच्या शाखेला जमण्यासारखे आहे. सुरुवात तिथून करू.

जय भीम!